धडा

अडावदच्या पुढं, उनपदेवच्या रस्त्याला,
कडुलिंबाच्या फांदीला टांगलेला तो ताणकाटा
माझ्याच हाताखालून गेलेला.
बाप म्हणायचा, धुडकू मिस्तरी,
चोपड्याच्या बाजारात पोत्यावर बसून
वजनांचा गंज घासता घासता:
काटा खोटा नही ऱ्हास भाऊ, हात खोटा ऱ्हास.

कार्तिक सरत आलेला. दुसरी वेचणी.
सातपुड्यातून उतरलेल्या बाया रांगेत उभ्या,
डोक्यावर गाठोडी,
बोटांवर बोंडांच्या नख्यांचे ओरखडे.
किलोला दहा रुपये.
मालकानं मला बोलावलं, कारण बाया कुरकुरतात.
"तू सांग यांना, मिस्तरी, काटा बरोबर आहे म्हणून."
मला चहा आला, बशीसकट.
त्यांना पाणी, तांब्यातून, वरून, ओंजळीत.
मी चहा प्यालो.

मग रेमलीबाई पावरा पुढं आली.
हातात गोड्या तेलाचा पाच लिटरचा प्लास्टिकचा डबा,
लेबल निघालेलं, बूच शाबूत.
आधी तिनं रिकामाच टांगला.
काटा केसभर हलला.
"हा धडा," ती म्हणाली,
आणि हौदावर जाऊन डबा भरून आणला.

शाळेत आम्हाला एक धडा होता, समतेचा.
पाठ केला. पाचपैकी चार मिळाले.
हा दुसरा धडा बापाच्या दुकानातला:
गिऱ्हाईक तेलाला भांडं आणतं,
तर आधी रिकाम्या भांड्याइतके खडे
समोरच्या पारड्यात टाकायचे.
मग तोलायचं.
त्याआधी तोललंस तर ती चोरी.

भरलेला डबा टांगला.
काटा सव्वाचारवर जाऊन थांबला.
कोणी काही बोललं नाही.
झोळीतलं पोर तेवढं कण्हत होतं.
"पानी खोटं बोलस का, मिस्तरी?"
तिनं विचारलं, मालकाला नाही,
मला.

तीन वर्षांपूर्वी, याच झाडाखाली,
स्प्रिंगचा एक वेढा मी आत घेतला होता.
दोनशे रुपये.
त्यात पोरीचे शाळेचे बूट आले, काळे, नाडीचे.
वीस किलोच्या गाठोड्याला तीन किलो.
दिवसाला किती गाठोडी,
हंगामात किती दिवस,
हिशेब मला येत होता, म्हणून मी केला नव्हता.

पेटी उघडली. वेढा सोडला.
नखानं काचेवर टिचकी मारली, बाप मारायचा तशी.
पाच म्हणजे पाच.
मालक म्हणाला, जुना झाला असेल.
मी म्हणालो, नाही, मीच केला होता.
एवढं वाक्य, पण तोंडातून बाहेर यायला
त्याला तीन हंगाम लागले.

आता काटा सरळ आहे.
पण फवारणीच्या गड्याला पाचशे, उभा राहिला तरी,
आणि हिला वेचेल तेवढं.
ही पहाटे तीनला उठते, भाकरी थापते,
पोर पाठीला बांधून डोंगर उतरते,
आणि मग काट्यापुढं येते
बाकी सगळ्यांसारखी.
याचे खडे कुठल्या पारड्यात टाकायचे
ते बापानं सांगितलं नव्हतं.
बहुतेक त्यालाही माहीत नसावं.

वजनं झाली. वहीत आकडे पडले, नवे.
मागच्यांचं काय, एका म्हातारीनं विचारलं,
मालक मोबाइल कानाला लावून बांधाकडं गेला.
तो प्रश्न अजून त्या झाडाखालीच आहे.

रेमलीबाईनं डबा काढून घेतला.
पाणी सांडलं नाही तिनं,
बाया एकेक करून प्यायला लागल्या,
तोंड लावून, गटागटा.
ऊन चढलेलं. मलाही तहान होती.
तिनं बघितलं तशी मी सवयीनं
दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली.

तिनं ओतलं नाही.
डबाच हातात दिला.